वाळवंटातल्या त्या दिवसाचं चित्र

दुकानात चित्र आलं की मी आधी त्याचे कोपरे बघते. कोपरा काटकोनात आहे का, कागद फुगलाय का, कॅनव्हास एका बाजूला जास्त ताणलाय का, हे सगळं झालं की मग उरलंच लक्ष तर चित्रात काय काढलंय ते. लोकांना हे आवडत नाही. परवा एक गृहस्थ मुलीनं काढलेलं चित्र घेऊन आले. मी मान वर न करता म्हटलं, डावीकडून जरासं कापावं लागेल. ते असे दचकले, जणू मी मुलीचा कानच मागितला. आसपासचे लोक मला चौकटबाई म्हणतात. माझ्यामागे आणखीही काही म्हणत असतील, मला त्याचं सोयरसुतक नाही.

वहिनीची चित्रं मात्र मी आधी बघितली आणि कोपरे नंतर.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. माझ्याहून थोडीशीच मोठी, त्यामुळे आमचं पहिल्यापासून अगं-तुगं. तिचं सगळं आयुष्य बेकरीत केक सजवण्यात गेलं. केकवर नाव लिहावं तर तिनंच. ब्रश तिनं हातात धरला तो अगदी अलीकडे, आणि तोही तिला फारसा मानवला नाही. ती रंग लावते केकच्या सुरीनं, क्रीम पसरावं तसा. पहिलं चित्र तिनं माझ्याकडे आणलं तेव्हा त्यावर रंगाचा चांगला जाड थर होता. मी विचारलं, "याला चौकट करू की फ्रिजमध्ये ठेवू?" ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

चित्रं सगळी वाळवंटाची. आता वहिनीनं वाळवंट जन्मात पाहिलेलं नाही. समुद्रावर गेली तरी ती चप्पल काढत नाही, वाळू बोटांत गेलेली तिला खपत नाही. वाळवंट पाहिलंय दादानं. ऐन उमेदीची वर्षं त्यानं तिकडे पाण्याचा टँकर चालवला. रस्ता बांधणाऱ्यांचे तळ लांब लांब पडलेले असायचे, त्यांना पाणी पोचवायचं काम. सुट्टीवर आला की घर डोक्यावर घ्यायचा. टँकरच्या सावलीत झोपणारा मुकादम सावलीबरोबर झोपेतच कसा सरकत जायचा, याची नक्कल तो आमच्या जमिनीवर लोळून करून दाखवायचा. आम्ही पोट धरून हसायचो. मी त्याच्यावर चिडलेलीही असायचे, कारण महिनोन् महिने हा तिकडे आणि इकडे वहिनी एकटी. पण तो समोर असताना चिडणं कुणालाच जमायचं नाही.

कायमचा परत आला आणि थोड्याच वर्षांत त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं. कुणी चहात साखर कमी घातली तरी समजतं. पण शब्द एकच राहिला, 'चल'. भूक लागली की चल, पाठ दुखली की चल, माझ्यावर डाफरायचं असलं तरी चल. डॉक्टर म्हणाले, असा एखादा शब्द राहतो कधीकधी. हो म्हणायला मान आहे, नाही म्हणायला मान आहे. आणि डाव्या हाताचा पंजा पालथा करायची त्याची जुनी सवय आहे, ती तेवढी शाबूत राहिली. लहानपणी माझी पट्टी मोडली तेव्हाही त्यानं असाच पंजा पालथा केला होता. म्हणजे, जाऊ दे, सोड.

मला पहिले काही महिने तो शब्द ऐकवत नसे. मी दुकानात जाऊन खिळे ठोकत बसायचे. वहिनी घरीच असायची, तिला कुठे जायची सोय नव्हती.

एका दुपारी ती टेबलावर पीठ चाळत होती. दादाची चाकाची खुर्ची शेजारीच होती. त्यानं डावा हात पुढे केला आणि ताटातलं पीठ बोटानं एका बाजूला सारलं. एक बाजू उतरती केली, दुसरी एकदम कडा तुटल्यासारखी. मग म्हणाला, "चल."

"टेकडी?" वहिनीनं विचारलं.

त्यानं मान नुसती वाकडी केली.

"वाळूची?"

हो.

वहिनीनं चाळणी बाजूला ठेवली. संध्याकाळी ती रंगाच्या नळ्या घेऊनच घरी आली.

तेव्हापासून हे असं चालतं. ती बशीत रंग कालवते, सुरीच्या टोकावर घेऊन त्याच्यासमोर धरते. "हा?" नाही. "यात जरा गुलाबी?" हो. "बास?" नाही. "अजून?" अशी एकेका वाळूच्या ढिगाला एकेक आठवडा लागतो. वाळू पिवळी नसते, हे मला तिच्या चित्रांवरून कळलं. सकाळी राखेकडे झुकते, संध्याकाळी पावाच्या भाजलेल्या कडेसारखी होते. सावली काळी नसते, निळी असते. हे दादानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. बोलता येत होतं तेव्हा तो विनोद सांगायचा.

चित्र सगळं पटलं की तो मान हलवतो, आणि मगच वहिनी खालच्या कोपऱ्यात सही करते. बेकरीतली रीत आहे ती. गिऱ्हाइकानं बघून हो म्हटल्याशिवाय केकचा डबा बंद करायचा नाही. मला विचाराल तर ही चित्रंबित्रं नाहीतच, नवरा-बायकोच्या गप्पा आहेत. त्यांचं बोलणं बंद पडलं नाही ते या बशीमुळे.

फक्त एका चित्राला त्यानं कधीच हो म्हटलं नाही.

ते त्या दिवसाचं. दादा तिकडे असताना एकदा मोठं वादळ झालं आणि दोन दिवस त्याचा फोन लागेना. मी वहिनीकडे राहायला गेले होते. ती कामावर जायची, यायची, भांडी घासायची, माझ्याशी हवापाण्याचं बोलायची. तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. हसत होता. "वारा सुटला होता जरा. गाडी बंद पडली. म्हटलं, चला, सक्तीची सुट्टी. मस्त ताणून दिली." आणि वहिनी म्हणाली, "मला वाटलंच. आम्ही पण मजेत." मी शेजारी उभी होते. दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटला.

पुढे तो सुट्टीवर आला की ती विचारायची, त्या वेळी नक्की काय झालं होतं? तो म्हणायचा, सांगतो गं सावकाश. आणि मुकादमाची गोष्ट काढायचा. सावकाश म्हणता म्हणता झटका आला.

म्हणून तिनं ते चित्र काढायला घेतलं. खाली गढूळ तपकिरी वाळू खवळलेली, वर धुरकट पांढरं आभाळ, त्यात फिकट सूर्य. वादळ म्हटल्यावर कुणीही असंच काढेल. दादानं मान हलवली, नाही. तिनं तपकिरी गडद केला. नाही. सूर्य लहान केला, बाजूला सरकवला. नाही. सगळं खरवडून पुन्हा लावलं. त्यानं पंजा पालथा केला. पुन्हा उताणा केला, पुन्हा पालथा.

"ते म्हणतायत, जाऊ दे," वहिनी मला म्हणाली. "पण मला नाही जाऊ द्यायचं. बाकीचं सगळं सांगितलं मला यांनी. एवढंच नाही सांगितलं."

शेवटी शेवटी ती ते चित्र काढून बसली की तो खुर्ची खिडकीकडे वळवायचा. मग तिनंही ते भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं. मी ते धड पाहिलंच नव्हतं.

प्रदर्शनाची कल्पना वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंची. वाचनालयाच्या मागे एक लांबट खोली आहे, एरवी तिथं मोडक्या खुर्च्या असतात. ती त्यांनी रंगवून घेतली आणि दारावर कागद लावला, 'वाळवंट: चित्रप्रदर्शन'. वहिनीनं एकच अट घातली, चित्रं खाली लावायची. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतील अशी.

"अहो, पण लोकांना वाकावं लागेल," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"वाकतील."

"बरं दिसत नाही ते. चित्रं लावायची एक उंची ठरलेली असते. सांगा ना तुम्ही," हे माझ्याकडे बघून.

उंची ठरलेली असते, हे खरं आहे. जन्मभर मी लोकांना तेच सांगत आले. पण माझ्या भावाच्या मानेचा प्रश्न होता. मी म्हटलं, "कंबर सगळ्यांनाच दिलेली आहे. वापरू देत की." माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे लोकांना लवकर समजतं.

निघताना वहिनीनं ते भिंतीकडे तोंड केलेलं चित्रही चादरीत गुंडाळून माझ्या हवाली केलं.

"हे कशाला? हे तर झालं नाही ना?"

"लाव. तिकडे राहून आलेलं कुणीतरी येईल, बघेल, काय चुकलंय ते सांगेल मला." मग चादरीची गाठ उगीच पुन्हा बांधत म्हणाली, "मला त्या दिवसाचं कळायला हवंय गं. नाहीतर हे माझ्याबरोबर राहतात आणि तेवढा एक दिवस अजून तिकडेच राहतो."

मी म्हटलं, गाठ सैल आहे.

त्या चित्राची चौकट मी सगळ्यात शेवटी केली, घाईघाईत. मागे फळी लावली, कड्या बसवल्या, तार ओढली. चित्राची वरची बाजू कोणती, हे मी नेहमी सहीवरून ठरवते. यावर सही नव्हती. तपकिरी जड भाग होता आणि फिकट भाग होता. मी पाहिलं, आभाळ भरून आलंय आणि खाली मोकळी जमीन आहे, ठीक आहे. त्यात विचार करण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी वहिनी घरी दादाला तयार करत होती, तेव्हा मी सगळी चित्रं भिंतीवर चढवली. हे दाराच्या समोरच्या भिंतीवर लावलं.

लोक बरे आले. औषधाच्या दुकानदारानं प्रत्येक चित्रापाशी वाकून उंट शोधला आणि शेवटी मला विचारलं, "एकही नाही?" मी म्हटलं, सुट्टीवर गेलेत. बेकरीचे मालक आले होते. ते सगळ्यांना सांगत होते, हा हात आमच्याकडे तयार झालाय. शाळेतले चित्रकलेचे सर गुडघ्यावर हात ठेवून समोरच्या भिंतीवरचं चित्र बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हे वेगळं आहे. या आभाळाला वजन आहे." मला बरं वाटलं. मी चौकटीचा कोपरा फडक्यानं पुसला.

मग वहिनी दादाला घेऊन आली. त्याला स्वच्छ शर्ट घातला होता, भांग पाडला होता. लोक बाजूला झाले. ती खुर्ची ढकलत पहिल्या चित्रापासून निघाली आणि दादा एकेका चित्रासमोर थांबून साहेबासारखी मान हलवत गेला. सगळी त्याच्या डोळ्यांसमोर होती. बाकी सगळे वाकलेले आणि माझा भाऊ ताठ बसलेला. मला एकदम भरून आलं. मी नाक शिंकरलं.

समोरच्या भिंतीपाशी खुर्ची थांबली. वहिनी थांबली. तिचा चेहरा उतरलेला मला लांबूनच दिसला. मी जवळ गेले.

"उलटं लावलंयस," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"हे चित्र. उलटं लागलंय. हे खालचं वर गेलंय."

मी बघितलं. मला काही कळेना, पण माझे कान तापले. चूक झाली की मी आधी भांडते, तसा माझा स्वभावच आहे. "सही नाही, खूण नाही, बाण नाही, मला काय स्वप्न पडणार होतं? तपकिरी वाळू म्हणे. मला आभाळ वाटलं. सरांनासुद्धा आभाळ वाटलं."

"असू दे गं," ती म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं. "काढ पटकन. त्यांना आधीच ते बघवत नाही."

मी चित्राला हात घातला. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी धरलं. दादानं. त्याच्या डाव्या हातात अजून टँकरचं स्टिअरिंग वळवायची ताकद आहे. मनगट दुखलं माझं.

"चल," तो म्हणाला.

"काढतेच आहे ना. सोड."

त्यानं मान हलवली. नाही. माझा हात त्यानं चित्रावरून बाजूला केला. मग त्यानं आपला पंजा पालथा केला, उताणा केला, पालथा केला, घरी करायचा तसा. आणि चित्राकडे बघून मान हलवली. हो.

वहिनी खुर्चीच्या शेजारी खाली बसली. गुडघे दुखतात तिचे, पण बसली.

"जाऊ दे म्हणत नव्हतात तुम्ही," ती म्हणाली. "वरचं खाली करा म्हणत होतात."

हो. हो. त्याची मान थांबेना.

आम्ही दोघींनी त्याचा तो पंजा महिनोन् महिने बघितला होता, आणि मी तर लहानपणापासून. इतका ओळखीचा होता, की त्याचा दुसरा काही अर्थ असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. परक्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"म्हणजे वाळू वर होती," वहिनी म्हणाली. ती आता त्याच्या उंचीवरून चित्र बघत होती. "अशी अंगावर आली? भिंतीसारखी?"

हो.

"आणि खाली जमीन पांढरी. तुम्ही सांगितलं होतं एकदा, मिठाची जमीन असते. ती?"

हो.

"मग हा सूर्य नाही." तिनं लावलेला तो फिकट ठिपका आता पार खाली, जमिनीवर आला होता.

नाही. दादानं हात लांब केला. चित्राला हात लावू नये म्हणून मी एरवी लोकांवर ओरडते. त्यानं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग तेच बोट आपल्या छातीवर ठेवलं.

"तुम्ही?"

हो.

"गाडीचा दिवा चालू ठेवला होता. कुणाला तरी दिसावा म्हणून."

हो.

औषधवाले अर्धवट वाकलेले तसेच राहिले होते. वहिनीचं कुणाकडे लक्ष नव्हतं. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ताणून दिली म्हणालात. झोपला नव्हतात."

नाही.

"घाबरला होतात."

मी माझ्या भावाला सगळ्या आयुष्यात कधी घाबरलेलं पाहिलं नाही, कारण त्यानं ते पाहूच दिलं नाही. तो चित्रातल्या त्या ठिपक्याकडे बघत राहिला. डोळे भरले त्याचे. मग त्यानं मान हलवली. हो.

"मी पण," वहिनी म्हणाली. "मजेत आहे म्हणाले ना मी फोनवर? काही मजेत नव्हते. दुसऱ्या दिवशी बेकरीत कुणाच्या तरी लेकराच्या वाढदिवसाचा केक होता. त्याच्यावर मी तुमचं नाव लिहिलं. डबा बंद करून दिलासुद्धा. गिऱ्हाईक परत आलं तेव्हा कळलं. मालकांनी घरी पाठवलं मला, आणि त्यांना मी शपथ घातली, तुम्हाला कधी सांगायचं नाही म्हणून."

मला हे ठाऊक नव्हतं. मी त्याच घरात होते, शेजारच्या गादीवर. मी बेकरीच्या मालकांकडे बघितलं, तर ते छताकडे बघत होते.

दादाच्या तोंडून आवाज निघाला. मला आधी वाटलं रडतोय. रडतही होता, पण हसतही होता. लेकराच्या केकवर आपलं नाव, याचं त्याला हसू आवरेना. त्यानं डावा हात तिच्या गालावर ठेवला. "चल," तो म्हणाला. "चल, चल." आणि बोट पुन्हा चित्रावर नेलं, ठिपक्यापासून जरा उजवीकडे, जिथं आम्हाला काहीच दिसत नव्हतं. त्याला अजून सांगायचं होतं.

"मग?" वहिनी म्हणाली. "इथं काय झालं? दुसरी गाडी आली?"

नाही.

"चालत निघालात?"

हो.

एवढं ऐकलं आणि मी वळले. खोलीभर माणसं उभी होती आणि प्रत्येकाचा चेहरा ओला किंवा ओला होण्याच्या बेतात होता. मी टाळी वाजवली. "चहा बाहेर आहे," मी म्हटलं. चहाबिहा काही नव्हता. "चला, सगळे बाहेर. सर, तुम्हीसुद्धा. प्रदर्शन थोडा वेळ बंद आहे."

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, असं मध्येच कसं बंद करता येईल? पाहुणे यायचेत अजून."

"थांबतील," मी म्हटलं आणि त्यांनाही दंडाला धरून बाहेर आणलं.

दार ओढून घेतलं. आतून दादाचा आवाज येत होता, एकच शब्द, कधी भरभर, कधी थांबत थांबत, आणि मध्ये मध्ये वहिनीचं, मग? मग? मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि त्याचं सगळं सांगून होईपर्यंत कुणालाही आत सोडलं नाही.